लोखंडाचं वय, रबराचं वय

'दहा वर्षं झाली, आता ठेवावी की काढावी?' हा प्रश्न आपल्याकडे पूर्वी गोठ्यातल्या बैलाबद्दल विचारत. मग दारातल्या स्कूटरबद्दल विचारू लागले. हल्ली तो चारचाकीबद्दल विचारतात, आणि त्यातही एका विशिष्ट जातीच्या चारचाकीबद्दल: दिसायला जीपसारखी उंच, पण लांबीला आखूड. जाहिरातीत तिला 'कॉम्पॅक्ट एसयूव्ही' म्हणतात. आमच्या सोलापुरात नुसतं 'छोटी एसयूव्ही' म्हणतात आणि भागतं.

ही जात आपल्याकडे जन्माला आली ती करामुळे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचं उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं गेलं. छोटी गाडी म्हणजे काय, तेही तिथंच ठरलं: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत. मग कंपन्यांनी टेप घेऊन गाड्या कापायला सुरुवात केली. २०१३ साली फोर्डची इकोस्पोर्ट आली, तिची लांबी होती ३,९९९ मिलीमीटर. चार मीटरला एक मिलीमीटर कमी! २०१६ साली मारुतीची व्हिटारा ब्रेझा आली, २०१७ साली टाटाची नेक्सॉन. उंच बसायला मिळतं, खड्ड्यात खाली घासत नाही, गल्लीत वळते, म्हणून लोकांनी या गाड्या भरभरून घेतल्या.

त्या पहिल्या खेपेच्या गाड्या आता आठ-दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत. पहिल्या मालकाने काढल्या, दुसऱ्याने घेतल्या. हा दुसरा मालक कोण असतो? शिक्षक असतो, किराणा दुकानदार असतो, निवृत्त कर्मचारी असतो. तीन-चार लाख रुपये साठवून किंवा पतपेढीतून उचलून त्याने आयुष्यातली पहिली चारचाकी घेतलेली असते. गाडीचं पहिलं मोठं दुखणं निघतं ते त्याच्या दारात. पहिल्या मालकाला जो खर्च नुसता त्रास वाटला असता, तो याच्या घरात एखाद्या मुलाच्या फीइतका मोठा असतो. आजचं बोलणं मुख्यतः त्याच्यासाठी आहे.

मला लोक ओळखतात ते कवितेमुळे, गाडीमुळे नव्हे. पण आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला ओळीने गॅरेजं आहेत आणि माझी बरीच संध्याकाळ तिथल्या बाकड्यावर जाते. शायरीत जसा उस्ताद असतो तसा गॅरेजातही उस्तादच असतो. शागिर्दाने बसवलेला भाग उस्ताद एकदा हाताने हलवून बघतो, मगच गाडी बाहेर जाते. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आवाज कुठून येतो ते शोधणारी ही माणसं. त्यांच्याकडून ऐकलेली, आणि मग पुस्तिका उघडून पडताळलेली एक गोष्ट आज सांगायची आहे. ती अशी: गाडीचं लोखंड सहसा लवकर म्हातारं होत नाही. म्हातारं होतं ते रबर. आणि रबराकडे लक्ष दिलं नाही की ते जाताना लोखंडाला बरोबर घेऊन जातं.

रबर हा पदार्थच तसा आहे. झाडाचा चीक गंधक घालून तापवला की तो टिकाऊ होतो, हे चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडलं. १८४४ साली त्यांनी त्याचं पेटंट घेतलं. आज गाडीतलं बरंचसं रबर कारखान्यात रसायनांपासून बनतं, पण त्याचा शत्रू तोच आहे: ऊन, हवा आणि तेल. हवेतला प्राणवायू आणि ओझोन रबराच्या साखळ्या तोडत राहतात, ते कडक होतं, त्याला भेगा पडतात. उष्णता वाढली की ही क्रिया झपाट्याने वाढते. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. म्हणून कमी चाललेली गाडीही म्हातारी होते. 'फक्त चाळीस हजार किलोमीटर चालली आहे, दारातच उभी असते' असं विकणारा कौतुकाने सांगतो, तेव्हा घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं, की रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं.

याला विमा कंपनीचाही पुरावा आहे. आपण अपघाताचा दावा करतो तेव्हा सुट्या भागांवर घसारा कापतात. लोखंडी भागांवर पहिल्या सहा महिन्यांत काही कापत नाहीत. मग वयाप्रमाणे वाढवत जातात आणि दहा वर्षांनंतर निम्मी रक्कम कापतात. रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्यावर मात्र पहिल्या दिवसापासूनच निम्मी कापतात. म्हणजे विमा कंपनीच्या वहीत लोखंडाला जी अवस्था दहा वर्षांनी येते, ती रबराला जन्मतःच आलेली असते. आणि हे अपघाताचं झालं. नुसत्या झिजेने गेलेल्या भागाला विमा एक पैसाही देत नाही, हे पॉलिसीत लिहिलेलं असतं.

आता गाडीखाली जाऊ. पुढे जे आकडे सांगतो ते आमच्या गावातल्या गॅरेजांत आणि सुट्या भागांच्या दुकानांत विचारून घेतलेले, मजुरीसह आणि ढोबळ आहेत. गाव बदललं, गाडी बदलली, की ते पुढेमागे होतील. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बहुतेक वेळा जास्तच होतील.

जुन्या गाडीची पहिली तक्रार बहुधा आवाजाची असते. खड्ड्यातून जाताना पुढून 'खट-खट', गतिरोधकावरून उतरताना 'कर्र'. मालक म्हणतो, शॉकअप गेले. दर वेळी शॉकअप नसतात. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्ममध्ये रबराचे बुश असतात, अँटी-रोल बारच्या लिंक रॉडला सांधे असतात, शॉकअपच्या डोक्यावर रबराची माउंटिंग असते. आधी हे जातात. लिंक रॉडची जोडी दोन-तीन हजारांत होते, दोन्ही बाजूंचे लोअर आर्म चार ते आठ हजारांत. पण आवाज ऐकत तसंच वर्षभर चालवलं, तर चाकाची दिशा बिघडते, टायर एका कडेने खाल्ला जातो, शॉकअपवर ताण येतो. मग पुढचं सगळं काम एकदम निघतं आणि पंधरा ते पंचवीस हजार लागतात. टायर वेगळे.

इथे या गाड्यांबद्दलचा एक गैरसमज सांगायला हवा. या दिसतात जीपसारख्या, पण आतून त्या मोटारीच आहेत. इकोस्पोर्ट ही फिएस्टा या मोटारीच्याच सांगाड्यावर उभी केलेली होती. जुन्या जीपला खाली वेगळी लोखंडी चासी असे. या गाड्यांना तशी चासी नसते, पत्र्याचं सगळं अंग मिळूनच सांगाडा होतो. उंची वाढली की वळणावर गाडी जास्त कलते आणि तो भार याच बुशांवर येतो. त्यात मालक 'एसयूव्ही आहे, काय होतंय' म्हणून खड्डा चुकवत नाही. म्हणून यांचे बुश लवकर मान टाकतात.

चाकाच्या आतल्या बाजूला आणखी एक रबर आहे. इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याला ड्राइव्ह शाफ्ट म्हणतात. त्याच्या सांध्यावर रबराची घडीदार टोपी असते, गॅरेजात तिला 'बूट' म्हणतात. आत ग्रीस भरलेलं असतं. बूट फाटला की ग्रीस बाहेर उडतं, आत धूळ-पाणी जातं आणि पूर्ण वळण घेताना 'कट-कट-कट' असा आवाज सुरू होतो. आवाज सुरू होण्याआधी बूट बदलला तर हजाराच्या आसपास. आवाज सुरू झाल्यावर सांधा किंवा अख्खा शाफ्ट, म्हणजे सहा ते बारा हजार. गाडी सर्व्हिसिंगला वर चढवलेली असते, तेव्हा खाली वाकून हे बूट बघायला मालकाला दोन मिनिटं लागतात. बघणारा मालक क्वचित भेटतो, असं उस्ताद म्हणतात.

आता बॉनेट उघडू. म्हाताऱ्या गाडीचं सर्वांत महागडं दुखणं बहुतेक वेळा पाण्यापासून सुरू होतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी रबराच्या नळ्यांतून, म्हणजे होजमधून, रेडिएटरपर्यंत फिरतं. ही व्यवस्था आपल्या प्रेशर कुकरसारखी बंद आणि दाबाखाली असते, म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. त्यात कूलंट मिसळलेलं असतं. त्यानेही उकळण्याचा अंश वाढतो आणि आत गंज धरत नाही. पण कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं काही वर्षांत संपतात. पातळी कमी दिसली की आपले लोक बोअरचं पाणी ओततात. त्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात, जसे घरच्या गिझरमध्ये साचतात. होज कडक होते, क्लिपपाशी चिरते, आणि एके दिवशी दाब सहन न होऊन फुटते.

माझ्या भाच्याचं असंच झालं. तो शाळेत शिक्षक आहे. आठ वर्षांची डिझेल गाडी त्याने दुसऱ्या हाताने घेतली होती. पुण्याला निघाला, मोहोळ मागे टाकलं, आणि टेंभुर्णीच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल रेघेत गेला. मागे मुलंबाळं, दुपारची वेळ, रस्त्याला सावली नाही. त्याने विचार केला, टेंभुर्णी चार किलोमीटरवर आहे, तिथं गॅरेज मिळेल. ते चार किलोमीटर त्याला ५८ हजार रुपयांना पडले. नंतर मला म्हणाला, "मामू, थांबलो असतो तर सहाशे रुपयांची नळी होती." ते पैसे त्याने मुलीच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी ठेवले होते. प्रवेश झाला, पण शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून.

त्या चार किलोमीटरमध्ये काय होतं ते समजून घ्या. इंजिनाचा वरचा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो हल्ली ॲल्युमिनियमचा असतो. पाणी निघून गेलं की तो तापून वाकडा होतो. हेड आणि खालचं ब्लॉक यांच्यामधली गॅस्केट जळते. तेलात पाणी आणि पाण्यात तेल मिसळतं, दुधाच्या चहासारखा रंग दिसतो. मग हेड उतरवा, लेथवर घासून सपाट करा, व्हॉल्व्ह तपासा, सगळ्या गॅस्केट नव्या घाला. इतक्यावर भागलं तर पंचवीस ते साठ हजार. पिस्टन धरले असतील तर इंजिन पूर्ण बांधायला ऐंशी हजार ते सव्वा लाख. याउलट सगळ्या होज, थर्मोस्टॅट आणि नवं कूलंट एकदम घालून घेतलं तर सहा ते दहा हजार.

म्हणून नियम एकच: काटा लाल रेघेकडे गेला की एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. किमान अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही, कारण आतलं पाणी अंगावर उडून माणूस भाजतो. गाव चार किलोमीटरवर असो की एक किलोमीटरवर, टोइंगची गाडी बोलवायची. टोइंगचे दोन-तीन हजार रुपये हा त्या दिवशीचा सर्वांत स्वस्त सौदा असतो.

दुसरं मोठं संकट म्हणजे टायमिंग बेल्ट. इंजिनात पिस्टन वर-खाली होतात आणि वरचे व्हॉल्व्ह उघडझाप करतात. दोघांचा ताल जुळवायचं काम काही इंजिनांत लोखंडी साखळी करते, काहींत दातेरी पट्टा. हा पट्टा रबराचा असतो, आत धाग्यांची वीण असते. पट्टा तुटला की तालच तुटतो, पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. लाल दिवा नाही, आवाज नाही, काही पूर्वसूचना नाही. चालत्या गाडीत इंजिन बंद पडतं आणि साठ हजारांपासून लाखापर्यंतचं काम निघतं.

तेव्हा आपल्या गाडीत साखळी आहे की पट्टा, हे प्रत्येक मालकाला माहीत हवं. ब्रेझामध्ये २०१६ ते २०२० या काळात जे १.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं, त्यात साखळी आहे. ते मूळ फियाटचं इंजिन, पुण्याजवळ रांजणगावलाही बनत असे. साखळी जास्त टिकते, पण इंजिन ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल पडते आणि सकाळी इंजिन सुरू करताना खळखळते. रेनोच्या डस्टरमध्ये, म्हणजे २०१२ साली आलेल्या आणि चार मीटरहून लांब असलेल्या गाडीत, १.५ लिटर डिझेलला पट्टा होता. इकोस्पोर्टच्या डिझेललाही पट्टाच आहे. तिच्या एक लिटरच्या इकोबूस्ट पेट्रोल इंजिनात तर पट्टा तेलातच बुडलेला असतो. तिथं चुकीचं किंवा जुनं तेल राहिलं तर पट्ट्याचे कण सुटून तेलाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनाला तेलच पोचत नाही.

पट्टा कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तिकेत किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही हिशेबांनी दिलेलं असतं, यातलं जे आधी येईल ते धरायचं. पट्टा, टेन्शनर आणि सोबत पाण्याचा पंप घेतला तर आठ ते पंधरा हजार लागतात. जुनी गाडी घेताना मागच्या मालकाकडे या कामाची पावती मागा. पावती नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असं समजा आणि ते पैसे गाडीच्या किमतीतून कमी करून मागा.

कधीकधी रबराचं दुखणं लोखंडाच्या नावावर खपवलं जातं. डिझेल गाडी चढावर ओढत नाही, मागून काळा धूर येतो. कुणीतरी सांगतं, टर्बो गेला. नवा टर्बो तीस ते साठ हजारांचा. तो टर्बो खरंच जातो, नाही असं नाही. पण टर्बोतून इंटरकूलरकडे हवा नेणारी एक जाड रबरी नळी असते. ती चिरली तरी हीच लक्षणं दिसतात, आणि ती दीड ते चार हजारांत बदलते. म्हणून टर्बोचं नाव निघालं की आधी त्या नळ्या तपासायला सांगा. आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर आधी स्कॅनर लावून घ्या. पाचशे-हजार रुपयांत यंत्र दोषाचा क्रमांक सांगतं. तो क्रमांक म्हणजे निदान नव्हे, पण कुठे बघायचं ते कळतं.

असंच एसीचं. दर उन्हाळ्यात गॅस भरणारे लोक मी बघतो. गॅस हे काही पेट्रोल नाही, ते जळून संपत नाही. संपला म्हणजे कुठूनतरी गळतोय, आणि पुष्कळदा जोडावरच्या रबरी कड्यांतून गळतो. गळती न शोधता दर वर्षी दोन हजारांचा गॅस भरत राहिलं, की गॅसबरोबर फिरणारं वंगणही कमी होतं आणि कॉम्प्रेसर बसतो. तो पंधरा ते अठ्ठावीस हजारांचा.

कोकणातल्या माणसाची अडचण उलटी असते. तिथं ऊन कमी छळतं, पाणी जास्त. दाराच्या रबरी पट्ट्या कडक झाल्या की पावसाचं पाणी आत झिरपतं, गालिच्याखाली साचतं आणि तिथून जाणाऱ्या वायरिंगला गंज चढतो. मग कधी काच खाली येत नाही, कधी हॉर्न आपोआप वाजतो. वासावरून हे कळतं. गाडीत कुबट वास आला की गालिचा उचलून बघावा. उंदरांनी वायरी कुरतडण्याचा प्रकार मात्र सगळ्याच जिल्ह्यांत आहे.

सगळेच खर्च रबराचे नसतात, हेही सांगितलं पाहिजे. क्लच हा झिजणाराच भाग आहे. घाटात, गर्दीत अर्ध्या क्लचवर गाडी धरली की तो लवकर जातो. बारा ते वीस हजार, काही डिझेल गाड्यांत त्याहून बरेच जास्त. डिझेलचे इंजेक्टर हे फार बारीक काम असतं, नाशिकच्या बॉशच्या कारखान्यात ते बनतात. दुरुस्त होणारा असेल तर एकेकाला चार-सहा हजार, नवा घ्यायचा तर दहा-पंधरा हजार, आणि असे चार असतात. स्वच्छ डिझेल आणि वेळेवर बदललेला फिल्टर एवढंच आपल्या हातात आहे.

मग एक भीती उरते: भाग मिळतील का? फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी २०१७ साली जनरल मोटर्सने इथली विक्री थांबवली आणि पुढे २०२० साली तळेगावचा कारखानाही बंद केला. ज्यांच्या दारात या कंपन्यांची गाडी होती ते धास्तावले. पण लक्षात घ्या, गाडीचे पुष्कळसे भाग गाडीची कंपनी बनवतच नाही. बेअरिंग, क्लच, ब्रेक, पट्टे, फिल्टर हे वेगळे कारखानदार बनवतात. तेच भाग ते आपल्या स्वतःच्या खोक्यातही विकतात आणि बहुधा स्वस्त विकतात. अडचण येते ती त्या गाडीपुरत्याच असलेल्या वस्तूंची: दिवे, काच, बंपर, दाराचं पॅनेल, इलेक्ट्रॉनिक पेटी. म्हणून बंद झालेल्या कंपनीची गाडी असेल तर विम्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण झिजेपेक्षा ठोकर महाग पडते.

दुकानात चार प्रकारचा माल असतो: कंपनीच्या खोक्यातला, मूळ कारखानदाराच्या खोक्यातला, 'लोकल', आणि जुन्या बाजारातला काढीव. माझं ऐकाल तर दुसरा प्रकार घ्या. ब्रेक, स्टिअरिंग, टायमिंग बेल्ट यांत लोकल माल चालणार नाही. दाराची कडी किंवा आरसा काढीव घेतला तर काही बिघडत नाही. आणि बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. बिलाशिवाय हा फरक आपल्यापर्यंत आला की वाटेतच राहिला, ते कळत नाही.

आता मूळ प्रश्न. ठेवावी की काढावी? लोक हिशेब असा करतात: गाडीची किंमत साडेतीन लाख आणि दुरुस्ती साठ हजार, मग काढा. हा हिशेब अपुरा आहे. दुरुस्तीची तुलना जुन्या गाडीच्या किमतीशी नको, नव्या गाडीच्या हप्त्याशी करावी. दहा लाखांचं कर्ज, नऊ टक्के व्याज, पाच वर्षं धरलं तर महिन्याचा हप्ता पावणेएकवीस हजारांच्या घरात जातो, म्हणजे वर्षाला अडीच लाखांच्या आसपास. साठ हजारांची दुरुस्ती म्हणजे तीन हप्ते. एका दहा वर्षांच्या गाडीचं सगळं रबर बदलायचं ठरवलं, तर पुढचं सस्पेन्शन पंधरा ते पंचवीस हजार, होज आणि कूलंट सहा ते दहा, टायमिंग बेल्ट आठ ते पंधरा, इंजिनाखालचे माउंटिंग सहा ते बारा, ड्राइव्ह शाफ्टचे बूट दोन ते चार, चार टायर चोवीस ते बत्तीस. बेरीज साठ हजार ते लाखाच्या आत येते. हे काम एका दमात करायचं नाही. आधी पाणी आणि पट्टा, मग ब्रेक-टायर, मग सस्पेन्शन असं दोन-तीन वर्षांत करायचं. महिन्याला तीन-चार हजार रुपये गाडीच्या नावाने बाजूला पडले तर खर्च अंगावर येत नाही.

टायरचं वय बघायला दुकानदाराला विचारायची गरज नाही. टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असतील तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असली तरी कुशीला बारीक भेगा दिसल्या की तो बदलावा.

गाडी काढावी अशी वेळही येते. सांगाड्याचा पत्रा, विशेषतः सस्पेन्शन जिथं बसतं ती जागा, गंजून पोखरली असेल तर काढावी. मोठ्या अपघातात सांगाडा वाकला असेल तर काढावी. एअरबॅग किंवा ब्रेकची इलेक्ट्रॉनिक पेटी मिळतच नसेल तर त्या गाडीत मुलांना बसवू नये. नुसतं वय मात्र कारण नव्हे. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवर दहा-पंधरा वर्षांच्या मर्यादेवरून न्यायालयीन निर्बंध आले, तसे आपल्या महाराष्ट्रात नाहीत. त्यामुळेच तिकडच्या डिझेल गाड्या स्वस्तात इकडे येतात. अशी गाडी घेताना तिकडचं ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरटीओत गाडी तपासून नोंदणी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क सहाशेवरून पाच हजार झालं, पर्यावरण कर वेगळा. हाही खर्च हिशेबात धरावा.

आपल्याकडे म्हणतात, दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. गाडीचं नेमकं उलटं आहे. तिचं दुखणं मुंगीच्या पावलांनी येतं: एक थेंब, एक चीर, एक बारीक खट. लक्ष दिलं नाही तर ते हत्तीच्या पावलांनी खिशावरून जातं. म्हणून एक साधी वही गाडीत ठेवा. तारीख, किलोमीटर, बदललेला भाग, दिलेली रक्कम, एवढे चार रकाने. पुढच्या पानावर लिहा: होज कधी, कूलंट कधी, पट्टा कधी. उद्या तुम्ही गाडी विकलीत, तर ती वही किल्लीबरोबर पुढच्या मालकाला द्या. त्याच्याही घरी कुणाची तरी फी भरायची असेल.